बुधवार अख्खा वाजवा

रेडिओ सिलोनवर दर बुधवारी रात्री लागणाऱ्या ‘बिनाका गीतमाला’ या सिनेगाण्यांच्या कार्यक्रमाचे निवेदक अमीन सयानी 20 फेब्रुवारी 2024 रोजी गेले, तेव्हापासून एक जुनं भांडण पुन्हा वर आलं आहे. गीतमालेचे जे काही भाग टेपांवर, घरोघरच्या कॅसेटींवर उरलेत, ते पुन्हा ऐकवायचे तर कसे? एक गट म्हणतो, नुसती गाणी द्या, तीही निवडक. मधली बडबड, टूथपेस्टच्या जाहिराती, रेडिओ क्लबांची नावं आता कुणाला हवीत? दुसरा गट म्हणतो, एका अक्षराला हात लावू नका, कारण तो काळच सोन्याचा होता. पहिल्यांना दुसरे आठवणींत बुडालेले म्हातारे वाटतात, दुसऱ्यांना वाटतं पहिल्यांना कानच नाहीत. माझं मत दुसऱ्या गटाकडे पडतं, पण त्यांच्या कारणासाठी अजिबात नाही. त्यांचं कारण धरून चाललं तर पहिला गटच जिंकतो. काळ सोन्याचा होता म्हणून भाग जपायचे असतील, तर जिथे सोनं नाही तेवढं कापून टाकायला हरकत काय? मी म्हणतो बुधवार अख्खा वाजवा, कारण त्यात पितळही भरपूर होतं, आणि पितळ किती होतं हे सांगणारा दुसरा पुरावा आपल्याकडे नाही.

हा कार्यक्रम आला कुठून ते आधी नीट आठवू या; निम्मे गैरसमज तिथलेच आहेत. 1952 साली बा. वि. केसकर नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. पुण्यात जन्मलेला माणूस, शास्त्रीय संगीताचा जाणकार आणि सिनेसंगीतावर खार खाऊन असलेला. त्यांच्या धोरणामुळे आणि चित्रपट निर्मात्यांशी झालेल्या बेबनावामुळे सरकारी रेडिओवरून फिल्मी गाणं जवळजवळ हद्दपार झालं. तिकडे कोलंबोला दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी फौजांसाठी उभारलेला दणकट शॉर्टवेव्ह प्रक्षेपक होता, आणि रेडिओ सिलोनला जाहिरातींचं वावडं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात बिनाका गीतमाला सुरू झाली. कार्यक्रम मुंबईत मुद्रित व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि बुधवारी रात्री आठला 25 आणि 41 मीटरवर समुद्र ओलांडून परत यायची. सुरुवातीला यात क्रमवारी नव्हतीच. सात गाणी वाजवायची, श्रोत्यांनी ती कालक्रमानं लावून पत्रानं पाठवायची, बक्षीस शंभर रुपये. पहिल्याच भागाला नऊ हजार पत्रं आली आणि वर्षभरात आठवड्याला पासष्ट हजारांवर गेली, असं सयानी सांगत. एवढी पत्रं उघडणार कोण? म्हणून स्पर्धा बंद झाली आणि गाण्यांची चढउतार सांगणारी ‘पायदानं’, म्हणजे क्रमांकांच्या पायऱ्या, आली.

ही चढउतार म्हणजेच गीतमाला. गाणी तर तेव्हाही फर्माईशीच्या कार्यक्रमांत वाजतच होती. बुधवारी लोक थांबायचे ते आपलं गाणं चढलं की पडलं हे कळावं म्हणून. ठरावीक आठवडे टिकलेलं गाणं ‘सरताज’ व्हायचं आणि शर्यतीतून मानानं बाहेर पडायचं. पहिल्या पायदानाआधी बिगुल वाजायचा. आता निवडक गाणीच हवीत म्हणणाऱ्यांना मला एवढंच विचारायचं आहे की, बाबांनो, गाणीच हवी असतील तर ती प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये पडलेली आहेत. त्यासाठी गीतमाला कशाला हवी? ज्या कारणानं बडबड नको म्हणता, त्याच कारणानं अख्खा कार्यक्रमच निरुपयोगी ठरतो. गाणं कुठेही मिळतं. गाण्याचा नंबर, तो नंबर सांगताना आवाजात घेतलेली उत्सुकता, ‘पिछले हफ्ते’ कुठे होतं याची आठवण आणि त्याच्या खाली-वर बसलेली गाणी, हे फक्त त्या तासात आहे.

यावर उत्तर ठरलेलं असतं. वार्षिक याद्या आहेत की, क्रम त्यात सापडतो. सापडतो, आणि त्या याद्यांनीच मला आठवडे हवेत हे पटवलं. 1957 साल घ्या. प्यासा, नया दौर आणि मदर इंडिया एकाच वर्षातले. आज कुणालाही त्या वर्षातलं सर्वोत्तम गाणं निवडायला सांगा, तो या तिघांबाहेर जाणार नाही. गीतमालेच्या वार्षिक यादीत वर बसलं होतं ‘जनम जनम के फेरे’मधलं, एस. एन. त्रिपाठींच्या चालीचं ‘जरा सामने तो आओ छलिये’. 1965 सालचं पहिलं गाणं ‘सहेली’ नावाच्या चित्रपटातलं, मुकेशच्या आवाजातलं. ‘सहेली’ कुणाकुणाला आठवतो? हात वर करा. आणि ही झाली वर्षाची अव्वल गाणी, ज्यांना निदान यादीत मखर मिळालं. त्याच वर्षांतल्या एखाद्या पावसाळी बुधवारी खालच्या पायदानांवर तीन आठवडे चढून उतरलेल्या गाण्यांचं काय? ती कुठल्याच यादीत नाहीत. पण हजारो लोकांनी ती विकत घेतली होती, गुणगुणली होती, त्यांच्यासाठी पत्रं टाकली होती. आपण ज्याला ‘तेव्हाची आवड’ म्हणतो ती आपल्या चाळणीतून उरलेली आवड आहे. चाळणीत वर काय राहिलं ते ठाऊक आहे; खाली काय पडलं ते त्या टेपांतच आहे.

दुसरं उदाहरण याहून बोलकं. 1975 सालच्या यादीत अव्वल गाणं कुठलं? ‘रोटी कपडा और मकान’मधलं महागाईचं गाणं. बाकी काही वाचलं असेल तर ते महागाईनं मारलं, असं सांगणारी लांबलचक कव्वाली. जूनच्या 25 तारखेला आणीबाणी लागली ते हेच वर्ष. एका ओळीच्या यादीत ही नुसती गंमत वाटते. पण हे गाणं जूनआधी वर चढलं की नंतर? जुलैत कुठल्या पायदानावर होतं? ते लावताना निवेदक काय म्हणाला, की काही न म्हणता पुढे गेला? पुढल्या वर्षी, 1976 च्या मे महिन्यात, किशोरकुमारची गाणी आकाशवाणी आणि विविध भारतीवरून गायब झाली, कारण सरकारच्या कार्यक्रमात गायला त्यानं नकार दिला होता. त्या महिन्यांत कोलंबोहून किशोर किती आणि कसा वाजला, याचं उत्तर वार्षिक यादी देत नाही. ते त्या त्या बुधवारच्या टेपेतच मिळेल. आता ‘निवडक गीतमाला’ करणारा संपादक महागाईचं गाणं ठेवेल का? मला शंका आहे. लांब आहे, चाल सपाट आहे, आज ऐकायला कंटाळवाणं आहे. सगळी कारणं योग्य. आणि त्याच कारणांनी वर्षाचं सर्वांत मोठं गाणं हलकेच वगळलं जाईल.

जाहिरातींचं थोडक्यात. जाहिराती कापा म्हणणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की कार्यक्रमाचं नावच जाहिरात आहे. बिनाका ही टूथपेस्ट; तिच्या खोक्यात प्लास्टिकचे इवलेसे प्राणी निघायचे आणि पोरं त्यासाठी नवी ट्यूब आणायला लावायची. पुढे पेस्टचं नाव बदललं तसं मालेचंही सिबाका झालं. भारतीय श्रोत्यांचा, मुंबईत बनणारा कार्यक्रम परदेशी केंद्रावरून, परदेशी कंपनीच्या पैशावर ऐकावा लागत होता, आणि का, तर इथे सिनेमाची गाणीही चालत नव्हती आणि जाहिरातीही. विविध भारती 1957 मध्ये आली, तिच्यावर जाहिराती आल्या त्या आणखी दहा वर्षांनी, 1967 ला. जाहिरात कापली की ही सगळी कथाच कापली जाते आणि उरतं ते कुणा रसिकानं लोकांसाठी आवडीनं केलेलं काहीतरी गोड. ते तसं नव्हतं. पेस्ट विकायची होती. पेस्ट विकता विकता त्यांनी देशाच्या कानाचा इतिहास लिहून ठेवला, ही त्यातली मजा.

इथे एक विचित्र गोष्ट नोंदवतो. निवडक गाण्यांचा आग्रह धरणाऱ्यांपैकी बहुतेकांना केसकरांचा राग आहे. गप्पांत त्यांचं नाव निघालं की हसू होतं: संगीत सुधारायला निघाले आणि लोक सिलोन लावून बसले. मग हेच लोक जुन्या टेपेसमोर बसतात आणि म्हणतात, हे हिणकस आहे, हे राहू दे, पुढच्या पिढीपुढे चांगलंच जावं. केसकर याहून वेगळं काय म्हणत होते? त्यांनी जिवंत लोकांच्या आवडीला गाळणी लावली; तुम्ही मेलेल्यांच्या आवडीला लावताय. जिवंतांना निदान काटा फिरवून कोलंबो गाठता येत होतं.

पण केसकरांवर हसणं सोपं आहे, आणि इथेच समोरच्या बाजूचा सर्वांत वजनदार मुद्दा येतो. निवड करणारा रेडिओ नेहमी नतद्रष्टच असतो असं नाही. केसकरांच्याच काळात, सिनेसंगीताला दार बंद असताना, 1955 च्या रामनवमीला आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांच्या चाली, वर्षभर चाललेली 56 गाणी. महाराष्ट्रात रेडिओपुढे हार-फुलं ठेवून लोक बसायचे. लोकांना विचारून, रेकॉर्डींची विक्री मोजून हे झालं असतं का? नसतंच झालं. कुणीतरी ठरवलं, निवडलं, जबाबदारी घेतली. जाणकारानं निवडावं या भूमिकेमागे असा दाखला उभा असताना तिला उर्मटपणा म्हणून झटकता येणार नाही. मी ती मान्य करतो, नवं काही घडवायच्या बाबतीत. घडून गेलेल्याची नोंद जपायच्या बाबतीत तिचा उपयोग नाही, आणि गंमत अशी की याचाही दाखला गीतरामायणच देतं. रेडिओवरच्या मूळ गीतरामायणात गाणारे अनेक होते: माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, ललिता फडके आणि इतर कितीतरी. नंतर रेकॉर्डींवर आलं आणि घरोघर पोचलं ते एकट्या फडक्यांच्या आवाजातलं. उत्तमच आहे ते. पण आज दहा जणांना विचारलं तर नऊ जण शपथेवर सांगतील की रेडिओवर सगळं बाबूजींनीच गायलं. चांगल्या आवृत्तीनं मूळ घटना पुसून टाकली, आणि पुसली गेल्याचं कुणाला कळलंही नाही.

गीतमालेचंही तेच होऊ घातलंय. सयानींनी उतारवयात ‘गीतमाला की छाँव में’ या नावानं जुन्या वर्षांचा फेरफटका घडवणारे संच केले. गाण्यांचे तुकडे, मधे आठवणी, तोच आवाज थोडा जाड झालेला. मला ते संच आवडतात. पण ते आत्मचरित्र आहे, रोजनिशी नव्हे. आत्मचरित्रात माणसाला शेवट ठाऊक असतो. कोण मोठं झालं, कोण विसरलं गेलं हे ठाऊक ठेवूनच तो सुरुवात सांगतो. 1950 च्या दशकातल्या एखाद्या बुधवारी मात्र पुढे काय होणार याचा निवेदकालाही पत्ता नव्हता. तो एखाद्या गायिकेची उद्याची मोठी तारका म्हणून ओळख करून देतो आणि ती पुढे कुठेच दिसत नाही. ज्याचं नाव घाईत उरकतो तो पुढे दशक गाजवतो. या चुका आत्मचरित्रात येत नाहीत. येऊच शकत नाहीत.

आता कुणी म्हणेल, मराठी माणसाला संपादनाचं महत्त्व काय सांगता? आपल्याकडे नाथांनी 1584 साली ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पुढच्यांनी तिच्यात आपली ओवी घुसडू नये, घुसडेल तो अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवेल, अशी ताकीदही देऊन ठेवली. पुण्यातच भांडारकर संस्थेत 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धं शतक महाभारताची चिकित्सक आवृत्ती चालली. संपादक सुकथनकरांसारख्यांनी त्यात आयुष्य ओतलं. 1,259 हस्तलिखितं तपासून मागाहून घुसलेलं बाजूला काढलं. हे कापणंच नव्हे का? नव्हे. दोन्हीकडे प्रश्न ‘मुळात काय होतं’ असा होता, ‘आज काय बरं वाटेल’ असा नव्हता. नाथ नरोटी काढत होते; ताटातलं कारल्याचं पंचामृत आवडत नाही म्हणून ते काढत नव्हते. आणि भांडारकरमध्ये कात्री लावूनही काही फेकलं नाही, हे तर विसरूच नका. व्यासांनी सांगावं आणि गणपतीनं लिहावं ही सगळ्यांची लाडकी कथा मुख्य संहितेत राहिली नाही, पण ती परिशिष्टात छापलेली आहे. खाली तळटिपांत कुठल्या पोथीत कुठला पाठ आहे ते अक्षरन् अक्षर आहे. उद्या कुणाला सुकथनकर चुकले असं वाटलं, तर त्यांच्याच पानावरून त्यांना चूक ठरवता येतं. ‘निवडक गीतमाला’ करणारे असं परिशिष्ट देणार आहेत का? द्यावं. मग माझं भांडणच नाही.

क्रमवारीच्या खरेपणावरचा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. पायदानं ठरायची कशी? दुकानांतल्या रेकॉर्डींच्या विक्रीवरून आणि श्रोता संघांच्या पसंतीवरून. विक्रीचे आकडे दुकानदार फुगवू शकतो, निर्माता चार माणसं पाठवून रेकॉर्डी उचलू शकतो, आणि आजच्या झारखंडातल्या झुमरीतलैया या गावाहून येणाऱ्या फर्माईशींच्या ढिगाबद्दल तर अख्खा देश विनोद करायचा. शिवाय रेकॉर्ड घेणारं घर म्हणजे फोनो असलेलं घर. शेतावरच्या गड्याची आवड त्यात कुठून येणार? सगळं कबूल. गीतमाला म्हणजे देशाची जनगणना नव्हे, आणि सोन्याचा काळवाले ती तशी मिरवतात तेव्हा ते थापा मारतात. पण वर्तमानपत्रंही पक्षपाती असतात, म्हणून कुणी जुन्या केसरीच्या फायली रद्दीत देत नाही. पक्षपात समजण्यासाठीच फाइल अख्खी लागते. कुठलं गाणं एकाएकी सात पायदानं चढलं आणि तितक्याच एकाएकी गायब झालं, याचा माग काढायला सलग आठवडे लागतात. लबाडी झालीच असेल, तर ती पकडायची असेल तरी तोच पुरावा.

पुण्यातच 1964 साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभं राहिलं. ते ज्यांनी वाढवलं त्या पी. के. नायर यांची भूमिका हीच होती: चांगला-वाईट ठरवत बसायचं नाही, मिळेल ते गोळा करायचं. टुकार मारधाडपट कशाला, असं म्हणणारे तेव्हाही होते. पण आपल्याकडे निवडीची चैन परवडण्याइतकं उरलेलंच नाही. 1931 चा आलम आरा, पहिला बोलपट, त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. तो कुणी वाईट म्हणून फेकला नव्हता. तो चालू माल होता, काम झालं, संपलं. बीबीसीसारख्या श्रीमंत संस्थेनंही साठ-सत्तरच्या दशकांत टेपा पुसून पुन्हा वापरल्या, आणि ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या हरवलेल्या भागांचा निदान आवाज वाचला तो घरी बसून मुद्रण करणाऱ्या पोरांमुळे. अमेरिकेत 4 जुलै 1970 ला सुरू झालेल्या ‘अमेरिकन टॉप 40’चं नशीब बरं. तो कार्यक्रम तबकड्यांवर छापून केंद्रांना टपालानं जायचा, त्यामुळे प्रती उरल्या. आता तिथली केंद्रं त्याचा निवेदक केसी केसम याचे जुने भाग पुन्हा लावतात, आणि तेही तारखेशी जुळवून: मार्चच्या आठवड्यात मार्चचा, नाताळात नाताळचा. विसरलेली गाणी, फसलेली भाकितं, सगळ्यासकट. लोक ऐकतात. ‘आजच्या माणसाला एवढा धीर नाही’ असं म्हणणाऱ्यांनी याचा थोडा विचार करावा. कंटाळा येतो हे खरंच आहे, मलाही येतो; पण तो कंटाळा 1963 च्या माणसालाही येत होता, आणि त्या कंटाळ्यातूनच बिगुल गोड लागायचा.

हक्कांचा प्रश्न राहतो आणि तो ‘वारसा आहे’ म्हणून ओरडून सुटत नाही. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क साठ वर्षांचा, म्हणजे पन्नासच्या दशकातल्या मुद्रणांवरचा तो संपलेला. प्रसारणावरचा हक्क तर पंचवीसच वर्षांचा. पण शब्द आणि चाल यांचा हक्क कर्त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं टिकतो: साहिर 1980 मध्ये गेले, त्यांच्या शब्दांचा हक्क 2040 च्या अखेरपर्यंत. तेव्हा गीतकार-संगीतकारांच्या वारसांना पैसे द्यावेच लागतील, आणि द्यायलाच हवेत. रेडिओ केंद्रांसाठी 2012 च्या दुरुस्तीनं ठरलेल्या दरानं परवाना मिळण्याची वाटही कायद्यात आहे. खर्च आहे, अशक्य नाही. तुकडे वाजवणं स्वस्त पडतं म्हणून तुकडे वाजवा, हे मी समजू शकतो. फक्त मग ते पैशाचं कारण आहे असं सांगा, रसिकतेचं म्हणून विकू नका.

सोन्याचा काळवाल्यांशीही माझं एक भांडण आहे. अख्खा भाग हवा म्हणणारी ही मंडळी मिळालेली कॅसेट ‘साफ’ करायला मात्र एका पायावर तयार असतात. आमच्या घरी वडिलांनी मुद्रित केलेल्या काही कॅसेटी आहेत. तार जोडायची सोय नव्हती, म्हणून रेकॉर्डर रेडिओसमोर स्टुलावर ठेवायचा आणि घरात कुणी बोलायचं नाही असा दंडक. तो अर्थातच पाळला जात नसे. एका कॅसेटीत गाण्याच्या ऐन अंतऱ्यात आत्या आतून ओरडते, ‘दूध उतू जातंय का बघ गं!’ दुसरीत वडिलांचा आवाज आहे, एकच शब्द, ‘पडलं!’ त्यांचं कुठलंसं आवडतं गाणं दोन पायदानं खाली घसरलं होतं. ते वहीत दर बुधवारी नंबर लिहीत, चढलेल्यापुढे वर बाण, पडलेल्यापुढे खाली, आणि त्या पानावर त्या गाण्यापुढचा बाण इतका दाबून काढलाय की मागच्या पानावर उमटलाय. भाच्यानं हौसेनं ती कॅसेट संगणकावर घातली, खरखर काढली, आवाज सपाट केला आणि मला पाठवली. आत्याचं दूध गेलं, ‘पडलं’ गेलं, आणि सिलोन लाटांवर हेलकावे खात यायचं तेही गेलं. सयानी शेजारच्या खोलीत बसून बोलतायत असं वाटत होतं. ते कधीच शेजारच्या खोलीत नव्हते. ते समुद्रापलीकडून यायचे, मधेच बुडायचे, पुन्हा वर यायचे, आणि पहिल्या नंबराच्या वेळी नेमके बुडाले तर दुसऱ्या दिवशी कुणालातरी विचारावं लागायचं.

तेव्हा ज्यांच्याकडे अशा कॅसेटी आहेत त्यांना एवढंच सांगणं: साफ केलेली प्रत खुशाल करा, पण आधी जशी आहे तशी उतरवून ठेवा, खोक्यावरची तारीख आणि अक्षरसुद्धा. गाण्यांपुरती कापू नका. आणि उतरवायला वेळ नसेल तर आजच्या आज एक काम करा. कॅसेटीच्या मागच्या कडेला प्लास्टिकचे दोन चिमुकले तुकडे असतात. ते मोडले की तिच्यावर चुकूनही पुन्हा मुद्रण होत नाही. आमच्याकडे ते कुणी मोडले नाहीत. त्यामुळे 1979 च्या एका बुधवारी सयानी तिसऱ्या पायदानापर्यंत येतात, ‘तो बहनो और भाइयो’ म्हणतात, खट्कन आवाज होतो, आणि माझ्या चुलतभावाच्या मुंजीतली मंगलाष्टकं सुरू होतात.